आमच्या पामाची नाडीपरीक्षा

गेल्या आषाढात आमच्या फाटकाच्या दक्षिण बाजूस उभ्या असलेल्या पामाचा कोंब एकंदर एकोणीस इसमांनी ओढून पाहिला, आणि विसाव्याने ओढताच तो जसाच्या तसा त्याच्या हातात आला. हा विसावा इसम म्हणजे प्रस्तुत लेखक होय. आधीच्या एकोणीस जणांची तारीखवार यादी माझ्या दप्तरी आहे. परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाने त्या त्या दिवशी आमच्याकडे चहा घेतलेला असल्यामुळे, आणि चौघे माझ्या सासुरवाडीचे असल्यामुळे, ती प्रसिद्ध करण्याचा मोह मी आवरला आहे.

पामाचे हे लोढणे मी आपण होऊन गळ्यात बांधून घेतले, हे प्रथमच कबूल करतो. घराचे हप्ते फिटले त्या वर्षी, पुण्यातल्या आमच्या तीन खोल्यांच्या घराला (ज्याला बंगला म्हणण्याचा प्रघात घरपट्टीच्या बिलात आणि माझ्या बोलण्यात तेवढा आहे) काहीतरी भारदस्तपणा यावा अशी मला इच्छा झाली, आणि नेमकी त्याच सुमारास एका जुन्या संस्थानिकांच्या बंगल्यापुढे दुतर्फा उभी असलेली रॉयल पामांची रांग माझ्या दृष्टीस पडली. ते करडे, गुळगुळीत, चरकावर धरून उतरवल्यासारखे खांब, त्यांच्यावरचा तो हिरवागार तुकतुकीत गळा आणि त्याही वर मोरचेलांसारखी ढळणारी पाने पाहून माझी मती गुंग झाली. संस्थानिकांपाशी अशा झाडांच्या चाळीस जोड्या असतील. माझ्या अंगणाची लांबी फाटकापासून पायरीपर्यंत अकरा फूट भरत असल्यामुळे मला एका जोडीवर समाधान मानावे लागले. त्यांच्या पामांमधून एके काळी हत्ती जात असतील. आमच्या पामांमधून दूधवाला सायकल तिरपी करून जातो.

रोपवाटिकेतला विक्रेता मोठा मुत्सद्दी होता. “साहेब, ह्याला काही करावं लागत नाही,” तो म्हणाला, “नुसतं लावायचं आणि विसरून जायचं.” पुढे जे काही घडले ते ह्या वाक्याचा उत्तरार्ध माझ्या हातून पाळला न गेल्यामुळे घडले.

हा वृक्ष मूळचा क्युबाकडचा. त्या देशाने त्याला राष्ट्रवृक्षाचा मान दिलेला आहे. शास्त्रात त्याचे नाव रॉयस्टोनिया असे आहे. त्यातला ‘रॉय’ म्हणजे राजा, अशी व्युत्पत्ती मी कित्येक पाहुण्यांना मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवली होती. पुढे समजले की हे नाव रॉय स्टोन नावाच्या एका अमेरिकन लष्करी इंजिनियराच्या सन्मानार्थ १९०० च्या सुमारास ठेवलेले असून, हा गृहस्थ चांगल्या रस्त्यांचा मोठा पुरस्कर्ता होता. आमच्या गल्लीतल्या रस्त्याची अवस्था पाहता त्याच्या नावाचे झाड तेथे सुखाने नांदणार नाही, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते.

झाडे लावताना ती वाऱ्याने हलू नयेत म्हणून मी त्यांच्या बुंध्याशी पोटऱ्यांपर्यंत माती चढवली, आणि पामाला मान मोकळी लागते, गाडून घेतलेले त्याला सोसत नाही, ही गोष्ट मला ती माती तीन वर्षे तुडवून झाल्यावर कळली. रोज सायंकाळी कचेरीतून परतल्यावर मी नळी हातात घेऊन थेट शेंड्यावर अशी काही धार धरीत असे की तेवढ्या वेळात एखाद्या भिक्षुकाचे लघुरुद्र आटोपले असते. हा अभिषेक पावसाळ्यातही खंडित होत नसे. कारण आकाशातून पडणारे पाणी सरकारी आणि नळीतून पडणारे आपले खाजगी, असा एक सूक्ष्म भेद माझ्या मनात रुजलेला होता. दिवाळीत आकाशकंदिलाची दोरी अडकवण्यासाठी मी दक्षिणेकडील पामाच्या अंगात तीन इंची खिळे ठोकले, आणि गणेशचतुर्थीला त्याच्या कमरेला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढून त्याला मैलाच्या दगडाची कळा आणली.

खिळ्यांच्या संबंधात एक गोष्ट सांगून ठेवतो. आंब्याच्या झाडाला खिळा मारला तर ते दोन-चार वर्षांत साल वाढवून तो गिळून टाकते. पामाला अशी साल नाही आणि जखम भरून काढण्याची विद्याही नाही, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो वडापिंपळाच्या कुळातला नसून गवताच्या आणि केळीच्या भावकीतला आहे. त्याच्या अंगावर एकदा भोक पडले की ते त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाते. माझ्या एका आत्याबाई अशा होत्या. माझ्या मुंजीत त्यांना पंगतीत वरणावर तूप वाढायचे राहून गेले होते, आणि माझ्या मुलाच्या मुंजीत त्यांनी त्याची आठवण दिली.

तर आषाढाच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी सौभाग्यवती फुलपुडी घ्यायला फाटकाशी गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “अहो, तुमच्या राजेसाहेबांचा तुरा वाकलाय.”

मी गेलो. पामाच्या मध्यभागी नवे पान नेहमी मिटलेल्या छत्रीसारखे ताठ उभे असते. ते फिकट पडून एका अंगाला कलले होते आणि त्याच्या कडेला चहाच्या डागासारखा तपकिरी डाग उमटला होता. बाकीची सर्व पाने हिरवीगार होती. आता ह्याच्यात घाबरण्यासारखे काही नव्हते, असे मला वाटले, आणि मला जे वाटले ते मी शेजारच्या रावसाहेबांना बोलून दाखवले. तेथे माझी दुसरी चूक झाली.

रावसाहेब हे सेवानिवृत्त मामलेदार. त्यांच्या निवृत्तीला पंधरा वर्षे होऊन गेली असली तरी कोणतीही घटना पंचनामा झाल्याखेरीज घडली असे ते मानीत नाहीत. ते तत्काळ चष्मा, छत्री आणि फुलस्केप कागद घेऊन आले, मला आणि इस्त्रीवाल्याला पंच नेमले आणि मजकूर सांगू लागले : “आज रोजी आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून पाहणी करता, फाटकाचे दक्षिणेस पाम जातीचे एक झाड, उंची अदमासे साडेआठ फूट, उभे असलेले दिसून आले. सदर झाडाचा शेंडा पश्चिमेस झुकलेला असून झटापटीची खूण आढळत नाही. खिळे दोन, गंजलेले. कोणावर संशय आहे काय, असे मालकास विचारता मालकाने आकाशाकडे पाहिले.” ह्यावर इस्त्रीवाल्याने सही केली आणि मला कपड्यांचा हिशेब दिला.

परंतु पंचनाम्याने निदान होत नाही, आणि निदान करणारा माणूस आमच्या आळीत एकच होता. तो म्हणजे गुहागरकडचे भाऊ. भाऊंचे सव्वाशे माड समुद्रकाठी आहेत आणि स्वतः भाऊ दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एका तुळशीवर दिवस काढीत आहेत. त्यामुळे कोणाच्याही दारात पामाच्या जातीचे काही दिसले की त्यांना माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. त्यांनी स्टूल मागवले, त्यावर चढले, कललेल्या पानाला दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि वैद्याने रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवावीत तसे डोळे मिटून घेतले.

“माडाची सुई सैल झाली का, ते आधी बघायचं,” ते म्हणाले. “हलक्या हातानं ओढायची. सुटून आली तर कोंब कुजला. नाही आली तर अजून जीव आहे.” असे म्हणून त्यांनी हलक्या हाताने ओढले. सुई आली नाही. “आहे,” भाऊ म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

ही परीक्षा अत्यंत शास्त्रशुद्ध आहे, हे मी आज शपथेवर सांगतो. पामाचा सगळा जीव शेंड्याच्या पोटात दडलेल्या एका कोंबात असतो. आंब्याची एक फांदी गेली तर दहा फुटतात, पण एकखोडी पामाचा हा कोंब गेला की त्याला दुसरा नाही. तो कुजू लागला म्हणजे त्यातून वर आलेल्या कोवळ्या पानाचा तळ आतल्या आत विरघळतो, आणि पान वरून उभे दिसले तरी ओढताच सुटून येते. मात्र ह्या परीक्षेत एक दोष आहे. ती करायला कोणतीही पदवी लागत नाही, आणि ती एकदा पाहिलेल्या मनुष्याला ती स्वतः करून पाहिल्यावाचून राहवत नाही.

भाऊ गेल्यावर पंधरा मिनिटांनी रावसाहेब पुन्हा आले. ऐकीव माहिती पुराव्यात धरता येत नाही, असे सांगून त्यांनी स्वतः रुजुवात घेतली. त्यांचा हात मूळचाच जड. वसुलीच्या कामात आयुष्य गेलेले. सायंकाळी आमचे होमिओपाथ डॉक्टर आले आणि त्यांनी मला पामाची प्रकृती लहानपणापासून विचारली : ह्याला कधी भीती बसली होती का, त्रास रात्री वाढतो की दिवसा, स्वभाव एकलकोंडा आहे का. ह्या शेवटच्या प्रश्नाला मी होय म्हणालो, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली, बुंध्याशी चार साबुदाण्याएवढ्या गोळ्या ठेवल्या, चहाकॉफी आणि कांदा वर्ज्य करण्यास सांगितले, आणि जाता जाता, केवळ नोंदीसाठी म्हणून, कोंब ओढून पाहिला.

ही वार्ता आठवड्याभरात सर्वत्र झाली. बँकेतले मेहुणे आले. त्यांच्या मते हे सर्व पोटॅशच्या अभावाचे लक्षण होते. पोटॅश कमी पडले तर खालची म्हातारी पाने पिवळी पडतात आणि येथे वरचे कोवळे पान गेले होते, हे भाऊंनी त्यांना समजावून सांगितले. पण मेहुण्यांनी एकदा शिल्लक काढली म्हणजे ते ती बदलत नाहीत. त्यांनीही ओढून पाहिले. मीटर वाचायला आलेल्याने मीटर नंतर वाचला. कोणी मुळाशी मीठ घातले, कोणी हिंगाचे पाणी, कोणी तंबाखूचा काढा, आणि एका म्हाताऱ्या काकूंनी तीन दिवसांचे आंबट ताक आणून दिले. पैकी ताक माळीबुवांनी परस्पर पिऊन टाकले आणि पामापेक्षा त्यांनाच त्याचा अधिक उपयोग झाला. पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींपैकी नवरदेवाच्या वडिलांनी तर मुलीचे शिक्षण, रंग, उंची वगैरे विचारून झाल्यावर अंगणात येऊन आमच्या पामाचा कोंब असा काही ओढला की जणू घराण्याचा टिकाऊपणा ते त्यातच अजमावीत होते. स्थळ जमले नाही. कोंब अजून धरून होता.

प्रत्येक जण हलक्या हातानेच ओढत होता. मात्र आपल्या आधीच्याने हलक्या हाताने ओढून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा आपण थोड्या कमी हलक्या हाताने ओढावे, असे प्रत्येकाला वाटे, आणि ह्या हिशेबाने एकोणिसावा हात किती हलका पडला असेल ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

विसाव्या दिवशी पहाटे मला झोप येईना. मी चोरपावलांनी अंगणात गेलो, स्टुलावर चढलो आणि कोंबाला हात घातला. वास्तविक मी ओढले असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. मी केवळ धरले, आणि तेवढ्यात स्टूल डगमगले. दुसऱ्या क्षणी मी दूधवाल्याच्या सायकलीवर होतो, माझ्या हातात पावणेतीन फूट लांबीचे मिटलेले पान होते, आणि त्याच्या बुडाशी पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा तपकिरी लिबलिबीत गर होता. त्याला घाण येत होती. कांद्याच्या टोपलीत चातुर्मासभर विसरलेला बटाटा ज्यांनी हाताने उचलला असेल त्यांना ती कळेल.

“आलं?” सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारले.

“आपसूक आलं,” मी म्हणालो.

सात वाजेपर्यंत एकोणीसच्या एकोणीस जण अंगणात जमले होते, आणि प्रत्येक जण ‘मी म्हणत होतोच’ असे म्हणत होता. भाऊंनी पान हुंगले, दूर धरले, पुन्हा हुंगले आणि कोंबकूज असा निकाल दिला. “पण बाकीची पानं तर टवटवीत आहेत!” मी म्हणालो. “ती राहतील टवटवीत,” भाऊ म्हणाले, “कोंब गेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात. त्यांना वरचं कुठं कळतंय?” हे ऐकून मला आमच्या कचेरीची आठवण झाली. तेथील मुख्याधिकाऱ्याची जागा दीड वर्ष रिकामी होती. परंतु हजेरीपट, जावकबारनिशी, चहाच्या वेळा आणि परिपत्रके ह्यांचा हिरवेपणा तसूभरही कमी झाला नव्हता.

आता हात शेकून झाल्यावर मी ग्रंथालयाची वाट धरली. तेथे जे वाचायला मिळाले त्याने माझ्या दुःखाला एक प्रकारची प्रतिष्ठा आली. पुसा येथील सरकारी संशोधनसंस्थेत बुरशीशास्त्राचे काम पाहणाऱ्या बटलरसाहेबांनी ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्याच दशकात गोदावरीच्या मुखाकडील ताडांचे कोंब कुजताना पाहून ह्या रोगाच्या कारणाचा छडा लावला होता. त्या सूक्ष्म जीवाचे आजचे नाव फायटॉफ्थोरा पामिव्होरा. ह्यातला पहिला शब्द ‘वनस्पतींचा नाश करणारी’ अशा अर्थाचा, आणि दुसरा ‘पाम खाणारी’ अशा अर्थाचा. म्हणजे आडनावात धंदा आणि नावात आवडीचा पदार्थ. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवून लक्षावधी लोकांना उपाशी मारणारी ती हिची सख्खी चुलत बहीण. कोकणात सुपारीच्या बागांत कोळे रोग आणणाऱ्याही हिच्याच घरच्या. हल्लीचे पंडित म्हणतात की हिला बुरशी म्हणणेही बरोबर नव्हे, हिची सोयरीक शेवाळांकडे अधिक जवळची. असेल. एवढ्या मोठ्या घराण्यातली बाई आमच्या अकरा फुटांच्या अंगणात येऊन राहिली, हेच विशेष. तिला ओल लागते, दमट हवा लागते, शेंड्याच्या बेचक्यात साठलेले पाणी लागते. ह्यातले शेवटचे मी तिला वर्षानुवर्षे नळीने पुरवत आलो होतो.

उपचार भाऊंनी सांगितला. कुजलेला सगळा भाग धारदार चाकूने पांढरे निरोगी अंग लागेपर्यंत कोरून काढायचा, तेथे बोर्डो मलम भरायचे, आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर मडके पालथे घालायचे. मलमाला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दुसऱ्या पामाला संरक्षण म्हणून फवारायचे मिश्रण करायचे तर पाणी दहा लिटर. मोरचूद वेगळा विरघळायचा, चुना वेगळा विझवायचा, भांडे धातूचे घ्यायचे नाही, आणि दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकदम ओतायचे. येणेप्रमाणे लोणच्याची चिनी मातीची बरणी, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि धुण्याची प्लॅस्टिकची बादली मी कामाला लावली, आणि ती तिन्ही भांडी पुन्हा स्वयंपाकघराची पायरी चढणार नाहीत असा हुकूम त्याच क्षणी सुटला.

मिश्रण तयार झाले की नाही हे पाहण्याची युक्ती मोठी रंजक आहे. त्यात लोखंडी पाते बुडवायचे. त्यावर तांब्याचा लाल थर चढला तर मोरचूद अजून मोकळा आहे, चुना आणखी घालायचा. मी भाजीचा चाकू बुडवला. तो तांबडालाल होऊन बाहेर आला.

“हे काय?” सौभाग्यवतींनी विचारले.

“लोखंडाचं तांबं झालं!” मी हर्षभराने म्हणालो.

“परिसाचा धंदा करणाऱ्यांनी निदान सोन्यापर्यंत तरी पोचावं,” असे म्हणून त्यांनी नव्या चाकूचे पैसे माझ्या खिशातून काढून घेतले.

ह्या बोर्डो मिश्रणाचा जन्मही मजेदार आहे. फ्रान्सात बोर्डो शहराच्या आसमंतातले द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत. हेतू इतकाच की ती निळसर किळसवाणी द्राक्षे पाहून येणाऱ्याजाणाऱ्याने हात लावू नये. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ साली लक्षात आले की सगळीकडे वेली रोगाने झडल्या असता ह्या रस्त्याकडच्या वेली मात्र हिरव्या आहेत. मग प्रयोग करून १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केले. हे वाचून माझा ऊर भरून आला. ज्या औषधाचा मूळ धर्मच परक्या माणसाचा हात थोपवणे हा, तेच मला हवे होते. रोगाचे पुढे पाहता आले असते. मी दक्षिणेकडील पामाची जखम कोरून मलम भरले, त्यावर मडके पालथे घातले, आणि सायंकाळी उत्तरेकडील निरोगी पामाला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत असा निळा न्हाऊ घातला की तो गोकुळाष्टमीच्या सोंगातला वाटावा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहाला रावसाहेब आले. त्यांनी कप उचलला आणि मी थक्क झालो : त्यांचा अंगठा आणि तर्जनी निळी होती. भाऊ आले, त्यांच्या चिमटीला निळा रंग. डॉक्टरांची दोन बोटे निळी, मेहुण्यांचा सबंध पंजा निळा. माळीबुवांनी हात पाठीमागे घेतले, त्यावरून त्यांचेही कळले.

“रावसाहेब,” मी म्हणालो, “उत्तरेचा पाम ठणठणीत आहे. त्याचा कोंब ओढण्याचं प्रयोजन?”

रावसाहेब जरा गोरेमोरे झाले. “तुलनेसाठी,” ते म्हणाले. “दक्षिणेचा किती सैल होता हे ठरवायचं तर उत्तरेचा किती घट्ट आहे ते नको पाहायला?”

ह्यावर भाऊ, डॉक्टर आणि मेहुणे एकदम म्हणाले, “तेच!”

मी उभा राहून त्यांना चार शब्द सुनावणार, इतक्यात सौभाग्यवती ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या उगारलेल्या बोटाकडे शांतपणे पाहिले. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते. अर्थात मिश्रण मीच कालवले होते, हा माझा बचाव कायद्याने बिनतोड होता. पण कालच रात्री मी हात साबणाने तीनदा धुतल्याचे त्यांनी पाहिले होते, आणि पुराव्याच्या बाबतीत त्या रावसाहेबांपेक्षा कडक आहेत. मी खाली बसलो. चहा निवत होता.

दक्षिणेकडील पामाच्या डोक्यावरचे मडके मात्र हळूहळू नावारूपाला आले. आळीतल्या पोरांनी खडूने त्याला डोळे आणि मिशा काढल्या. कोणाला ते नजर लागू नये म्हणून ठेवलेले बुजगावणे वाटे, कोणाला कसलेसे व्रत. श्रावणात फुलवाली सकाळी जाताना त्याला हात जोडू लागली, आणि भाद्रपदात एके शनिवारी बुंध्याशी तेलाची वाटी आढळली तेव्हा मात्र मी हबकलो. पण मला त्या मडक्याचा खरा त्रास दुसराच होता. त्याच्याखाली काय चालले आहे, हे उचलून पाहण्याची जी अनावर ओढ मला दिवसातून पाच-सहा वेळा लागे, तिचे वर्णन मी काय करू? मॅट्रिकच्या निकालाच्या आदल्या रात्रीही मी इतका तळमळलो नव्हतो. सौभाग्यवतींनी स्टूल कुलपात ठेवले आणि किल्ली निरीला खोवली.

नवरात्रात मडके आपोआप दोन बोटे तिरपे झाले. पुन्हा सभा भरली. पंचांसमक्ष ते उचलावे असे ठरले, रावसाहेबांनी कागद काढला, भाऊ स्टुलावर चढले, आणि मडके उचलताच आतून एक धष्टपुष्ट सरडा निघून थेट रावसाहेबांच्या टोपीवर बसला. पुढचे अर्धे पान पंचनाम्यात कोरे आहे. गडबड शांत झाल्यावर पाहतो तो मलमाच्या निळ्या खपलीमधून करंगळीएवढा फिकट हिरवा कोंब एका अंगाने वर येत होता. म्हणजे सगळे कोरताना माझ्या चाकूतून कोंबाचा खरा जीव वाचला होता. ह्यात माझे कौशल्य किती आणि माझ्या चाकूची बोथट धार किती, ह्याचा वाद मी वाढवत नाही.

कार्तिकात त्यातून पहिले पान उमलले. ते निम्म्या लांबीचे, दुमडलेले, टोके जळाल्यासारखी, धोब्याच्या बोचक्यातून घाईने ओढून काढलेल्या सदऱ्यासारखे चुरगळलेले होते. भाऊ म्हणाले, पहिली दोन-तीन अशीच येतात, मग सरळ होतात. डॉक्टरांनी त्याचे श्रेय गोळ्यांना दिले, मेहुण्यांनी पोटॅशला, काकूंनी ताकाला. माळीबुवा गप्प राहिले. मी खिळे उपटून टाकले, बुंध्याची माती उकरून मान मोकळी केली आणि नळी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

परवा भाऊबीजेला नागपूरचे दुसरे मेहुणे आले. त्यांना ह्या प्रकरणाची काहीच कल्पना नव्हती. मी त्यांना अथपासून इतिपर्यंत सर्व हकीकत सांगितली, बटलरसाहेब सांगितले, मिलार्दे सांगितला, चाकू सांगितला, आणि परीक्षा कशी करतात हे नीट ध्यानात यावे म्हणून अंगणात नेऊन, उत्तरेकडील पामाच्या सुईला दोन बोटांच्या चिमटीत धरून, अगदी हलक्या हाताने, दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी कुंभारवाड्यातून एक नवे मडके आणून फाटकाशी ठेवले. “हे उत्तरेच्या पामासाठी का?” मी विचारले. त्यांनी ते उचलले आणि माझ्या डोक्यावर मापाला धरून पाहिले.